खैरझरीचा भोंगा

११ नोव्हेंबर, राळेगाव

खैरझरीत आज सकाळी वाघानं मैनाबाईंना मारलं.

फोन सरपंच फुलसिंग यांचा आला. तुमचा डब्बा ज्या धुऱ्यावर आहे त्याच वावरात, एवढं मला ऐकू आलं, पुढचं काही डोक्यात शिरलं नाही. संघदीप समोर सर्किटच्या तारांना सोल्डरिंगचा डाग देत बसला होता. मी ऐकलेलं त्याला सांगितलं. त्यानं डाग द्यायची मशीन स्टँडवर ठेवली, बटण बंद केलं आणि गाडीची चावी घेतली. आम्ही लगेच निघालो.

सप्टेंबरमध्ये आम्ही दोघांनी खैरझरीच्या नाल्याकाठी, जिथं जंगल संपून वावरं लागतात तिथं, धुऱ्यांवर म्हणजे बांधांवर खांब रोवून डब्बे बसवले. डब्ब्यात उन्हावर भरणारी बॅटरी आहे, एक कॅमेरा आहे आणि अंगाची ऊब ओळखणारा एक डोळा. मोठं जनावर पुढून गेलं की भोंगा वाजतो आणि वावरातल्या माणसांना कळतं. यवतमाळला एकत्र शिकल्यापासून आणि पुण्यात नोकऱ्या करत असताना आम्ही ह्याबद्दलच बोलत होतो. दोन वर्षांपूर्वी नोकऱ्या सोडून आलो आणि बसस्टँडच्या मागची ही खोली घेतली. डब्बे लावताना मैनाबाईंनी उकडलेल्या शेंगा आणून दिल्या होत्या. संघदीपनं खांबावरूनच ओंजळ पुढं केली, तर त्या हसून म्हणाल्या होत्या की माकडाले बी असंच द्यावं लागते.

त्या उजाडायच्या आधीच एकट्या कापूस वेचायला गेल्या होत्या. शेजारच्या वावरातल्या तुळसाबाईंना त्या दिसल्या. मी पोचले तेव्हा वरून चादर टाकलेली होती. कापसाची पऱ्हाटी बरीच मोडली होती. त्याहून जास्त लिहीत नाही.

गर्दी होती, वनखात्याची माणसं होती, पोलीस होते. मी खांबापाशी गेले. मी समोर येताच डब्बा जागा असल्यासारखा भोंगा वाजला, मोठ्यानं. सगळे वळून माझ्याकडं पाहायला लागले.

१२ नोव्हेंबर

संघदीपनं तो डब्बा उतरवून आणला. मांडीवर घेऊन आणला, गाडी मी चालवली.

निघण्याआधी मैनाबाईंच्या नवऱ्याकडं, वामनरावांकडं गेलो. अंगणात बाजेवर बसले होते. मुलगी निकिता आत बायकांमध्ये होती. आम्ही काही बोलायच्या आत त्यांनी मला विचारलं, "मॅडम, भोंगा वाजला होता का?"

डब्बा उघडून पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, असं मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. आम्ही फाटकापाशी आलो तर मागून चालत आले आणि पुन्हा तेच विचारलं. मैनाबाई गेल्या तेव्हा भोंगा वाजत होता का.

वाटेत मी संघदीपला म्हटलं, काका तक्रार करतील असं दिसतं, आपण आता जपून बोलायला हवं.

"तक्रारीसाठी नाही विचारून राह्यले ते," तो म्हणाला.

मग कशासाठी, तर ते त्यालाही माहीत नव्हतं.

१४ नोव्हेंबर

डब्बा उघडला. आत डंप सापडला. पूर्ण!

आईला सकाळी घाटंजीला फोनवर डंप म्हणजे काय हे समजावत होते, तेच इथं लिहिते. प्रोसेसरच्या आत रजिस्टर नावाचे थोडेसे कप्पे असतात. तो ह्या घडीला काय करतोय, कुठल्या ओळीवर आहे, कुठून आला, परत कुठं जायचं आहे, हे सगळं त्या कप्प्यांत असतं. प्रोग्राम कोसळला की डब्बा स्वतःला बंद करून पुन्हा चालू करतो आणि त्यात ते कप्पे पुसले जातात. मग का कोसळला हे कायमचं कळत नाही. म्हणून आम्ही अशी सोय केली आहे की कोसळता कोसळता डब्बा ते सगळे कप्पे पक्क्या मेमरीत उतरवून ठेवतो आणि मगच नव्यानं उठतो. आई म्हणाली, म्हणजे मरणाऱ्यानं शेवटचा निरोप सांगावा तसं. मी म्हटलं तसं नाही गं, मशीन मरत नाही, ती लगेच उठते.

उन्हाळ्यात चाचण्या चालू असताना दोनदा अर्धवट डंप हाती आले होते. मधेच लिहिणं तुटलेलं, काही उपयोगाचं नाही. तेव्हा मी संघदीपवर खूप चिडले होते. काहीही होऊ दे, पूर्ण लिहून झाल्याशिवाय डब्ब्यानं तिथून हलायचं नाही, असं मी त्याला बजावलं आणि त्यानं तसं करून दिलं. आज त्याचं चीज झालं. एकही कप्पा रिकामा नाही. मी त्याला म्हटलं, बघ, भांडले म्हणून मिळालं.

तो खिडकीतून बाहेर बघत होता. डंप आहे म्हणजे डब्बाच त्या सकाळी कोसळला होता, हे आधी मला सुचलंच नाही. मी डंप सापडल्याच्याच आनंदात होते.

१५ नोव्हेंबर

म्हणजे डब्बा कोसळला होता हे नक्की. पण कोसळला तर दोन सेकंदांत उठला असणार. ह्यात घाबरण्यासारखं काही नाही. वाचत बसायला हवं.

संघदीप पहाटेच कुठंतरी गेला.

१७ नोव्हेंबर

वामनराव आज एसटीनं राळेगावला आले आणि शोधत शोधत खोलीवर पोचले. मी एकटीच होते. त्यांना खुर्ची दिली, ते खाली बसले.

खैरझरीत सगळे म्हणतात की भोंगा वाजला होता. तुळसाबाईंनी स्वतः ऐकला. म्हणजे मैनाबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, असं गाव बोलतं. भोंगा गायीला वाजतो, डुकराला वाजतो, म्हणून बायका त्याकडं लक्ष देत नाहीत, हे खरं आहे. आम्हाला हे कमी करायचंच होतं. वामनराव हे सगळं दुसऱ्याच्या घरचं असल्यासारखं सांगत होते. मग म्हणाले, तुमच्या मशीनमंदी लिहिलेलं असन नं, वाजला का नाही ते.

मी म्हटलं, काका, तपास चालू आहे, आठवडाभर थांबा. खरं तर भोंगा वाजला असेल तर आमच्यावर काही येत नाही, आणि मनातून मला तेच हवं होतं. हे इथं लिहिते, बोलणार कुणाजवळ नाही.

जाताना त्यांनी विचारलं की भोंगा वाजलेला ऐकूनही ती आत गेली असेल का. हे डब्ब्यातून कसं कळणार, मी म्हटलं. डब्बा फक्त स्वतःचं सांगतो.

त्यांना पोचवायला बसस्टँडपर्यंत गेले. चहा घेतला नाही. इतक्या लांब फक्त हे विचारायला आले. तक्रार करायची असती तर सरळ पोलिसांत गेले असते. मला त्यांचं काही समजत नाही.

२० नोव्हेंबर

संघदीपशी भांडले.

तो रोज पहाटे खैरझरीला जातो, हे आज फुलसिंगांकडून कळलं. मैनाबाईंच्या वावरापलीकडं जुनं मचाण आहे, त्यावर बसतो आणि बायका वेचायला आल्या की त्यांची वेचणी होईपर्यंत रिकामा पिंप बडवत राहतो. इकडं मी एकटी त्या आकड्यांमध्ये डोळे फोडून घेतेय. दुपारी येतो, कोपऱ्यात बसतो. दाढी वाढली आहे. परवाचा जेवणाचा डबा तसाच परत गेला. काल मी मुद्दाम भरीत आणलं, त्याला आवडतं म्हणून नाही, मिळालं म्हणून. त्यानं दोन घास खाल्ले.

मी म्हटलं, "पिंप बडवून काय होते? इथं बसून शोध नं काय झालं ते. कोसळल्यावरचा भाग तूच लिहिला हायेस."

"तू शोध," तो म्हणाला. "तुले जे दिसन ते खरं."

"म्हणजे?"

"मी पाह्यलं तर मले जे पाह्यचं नाही ते मी पाह्यणार नाही. तू पाह्य."

असलं कोड्यातलं तो कधी बोलत नसे. तो डरपोक झाला आहे असं मी बोलून गेले. त्यावर तो चिडलाही नाही. पाणी प्यायला आणि निघून गेला. खोलीत पिंपाचा आवाज नाही तरी मला दिवसभर तोच ऐकू येत होता.

२२ नोव्हेंबर

सापडलं! कुठल्या ओळीवर कोसळला ते सापडलं.

रजिस्टरांमधला एक कप्पा सांगतो की प्रोसेसर कुठं होता, दुसरा सांगतो की तिथं त्याला कुणी पाठवलं. दोन्ही धरून मागं मागं गेले. अकरा तारखेआधीच्या दोन-तीन दिवसांत आभाळ होतं, पहाटे धुकं. कॅमेऱ्याच्या काचेवर दव साचलं, फोटो नुसता पांढरा आला, आणि पांढऱ्या फोटोत जनावराची कड शोधणारा प्रोग्रामचा भाग मेमरीत नसलेल्याच जागेत हात घालून बसला. साधी चूक आहे. माझीच ओळ. एका तासात दुरुस्त होईल.

पण हे महत्त्वाचं नाही. महत्त्वाचं हे की कोसळल्यावर तो लगेच उठलाच असणार. म्हणजे मैनाबाई वावरात पोचल्या तेव्हा डब्बा जागा होता. म्हणजे तुळसाबाईंनी ऐकलं ते खरं. मला इतकं हलकं वाटलं की मी उभी राहून खिडकी उघडली आणि बसस्टँडवरच्या माणसाकडून बालूशाही आणली.

खाताना लाज वाटली. एक बाई मेली आहे आणि मी.

उद्या तेरवी आहे. जाणार आहे.

२३ नोव्हेंबर

तेरवीला जाऊन आले. संघदीप पंगतीत वाढत होता, घरच्यासारखा. निकिता कुणाशी बोलत नाही, बापाशी तर नाहीच. बापानं पाणी मागितलं तर तिनं तांब्या खाली ठेवला आणि वळली. बारावी झाली आहे, नर्सिंगला नागपूरला जायचं होतं, असं तुळसाबाई सांगत होत्या. आता कुठलं नागपूर.

मी तुळसाबाईंना भोंग्याचं विचारलं. कसा वाजला, किती वेळ. त्या म्हणाल्या, "ऊन आल्तं वर. एकडाव वाजला, लहानसा. पुं करून. मंग मी तिकडं पाह्यलं तं मले मैना दिसली."

लहानसा.

डब्बा जनावर पाहून वाजतो तेव्हा थांबत नाही, पाऊण मिनिट ओरडतो. लहानसा एकदाच वाजतो तो नव्यानं उठताना.

२४ नोव्हेंबर

डब्बा पहाटे कोसळला, अंधार होता तेव्हा. उठला तो ऊन वर आल्यावर. दोन्ही वेळा मेमरीत लागोपाठच्या ओळींवर आहेत. मी परवा पहिली पाहिली आणि दुसरी पाहिलीच नाही. हवं ते मिळालं म्हणून थांबले.

मधल्या वेळात तो काय करत होता, हे आज टेबलावर करून पाहिलं. आभाळामुळं बॅटरी उतरलेली असणार, म्हणून वीज तेवढी कमी केली आणि मुद्दाम त्याला कोसळवलं. त्यानं रजिस्टरं मेमरीत लिहायला घेतली. वीज कमी, लिहिणं पुरं होईना. एरवी असा अडकला तर आतलं पहाऱ्याचं घड्याळ त्याला धक्का देऊन उठवतं. पण डंप लिहिताना आपण ते घड्याळ थांबवून ठेवतो, नाहीतर डंप मधेच तुटतो. पूर्ण लिहून झाल्याशिवाय हलायचं नाही. तो हलला नाही. मी त्याच्यापुढून गेले, हात हलवले, कंदील धरला. मुका.

मग वीज वाढवली, सूर्य चढावा तशी. लिहिणं पुरं झालं आणि तो उठला. पुं.

डंप लिहायची सोय नसती तर दोन सेकंदांत उठला असता.

आता लिहवत नाही.

२५ नोव्हेंबर

पहाटे खैरझरीला गेले. संघदीप मचाणावर होता. खाली वेचणाऱ्या बायका होत्या, नेहमीपेक्षा जवळजवळ, एकमेकींना हाका मारत. मी वर चढले. त्यानं पिंप बडवायचं थांबवलं नाही, जागा करून दिली.

मी सांगितलं. सगळं, ओळीनं. तो ऐकत होता.

"मले माहीत हाये," तो म्हणाला.

कधीपासून, तर त्याच दिवसापासून. खांबाखाली मी गेले तेव्हा भोंगा वाजला; नव्यानं उठलेला डब्बा पहिले काही तास जास्त मोठ्यानं वाजतो, तो आवाज त्याला ओळखू आला. आदल्या दोन दिवसांचं आभाळ त्यानं पाहिलं होतं. गाडीवर डब्बा मांडीवर घेऊन तो आला तेव्हाच त्याला ठाऊक होतं की आत पूर्ण डंप असणार.

मी विचारलं, "मंग बोलला काहून नाही?"

"माहं चुकत असन, वाटलं. तुह्या हातून दुसरं काही निघन, वाटलं."

मला उन्हाळ्यातलं ते भांडण आठवलं. ह्या खोलीत, ह्याच टेबलाशी. चौदा तारखेला मी ते इथं मोठ्या दिमाखात लिहूनही ठेवलं आहे. मी म्हटलं, ती अट माझी होती. पूर्ण लिहिल्याशिवाय हलायचं नाही, हे माझे शब्द.

तो पिंपाकडं पाहत म्हणाला, "लिहिलं मी. किती वेळ थांबावं थे टाकाले पाह्यजे होतं. मी नाही टाकलं. तुहं काही नाही त्यात."

"माझं आहे."

"तुहं नाही म्हटलं नं."

मग एक बाई खालून ओरडली की का रे बाबा थांबला, आणि तो पुन्हा बडवायला लागला. त्याचे हात फुटले आहेत. मी ओढणी फाडून बांधून दिली. तो बांधू देत होता, पण पाहत नाल्याकडं होता. पंधरा दिवस तो मला का टाळत होता हे मला अजून नीट कळलेलं नाही. चूक स्वतःची आहे असं त्याला वाटत होतं तर मला सांगून मोकळा झाला असता. लपवण्यासारखं त्याच्याजवळ होतं तरी काय?

२७ नोव्हेंबर

वामनरावांना सांगितलं. संघदीप म्हणाला मी येतो, आणि घराच्या कोपऱ्यापर्यंत आला, तिथंच भिंतीशी थांबला. मी एकटी गेले.

अंगणात कापसाचा ढीग होता. ते त्यातली काडी निवडत होते. मी समोर बसले आणि जसं वाटेत पाठ केलं होतं तसं सांगितलं. भोंगा वाजला नव्हता. डब्बा पहाटेपासून बंद पडला होता. तुळसाबाईंनी ऐकला तो नंतरचा.

"म्हंजे ती घरून निघाली तवा बंद होता?"

"हो."

"अन् वावरात पोचली तवाबी?"

"तेव्हाही. काका, तो आमच्या चुकीनं बंद पडला. आम्ही..."

त्यांनी हात वर केला. पुढचं त्यांना ऐकायचं नव्हतं. हातातल्या कापसाची सरकी त्यांनी चिमटीत धरली. मग बोलायला लागले, माझ्याशी नाही, कापसाशी.

त्या पहाटे दोघांचं भांडण झालं होतं. पोरीला नागपूरला पाठवायचं मैनाबाईंच्या मनात होतं, ह्यांच्या नव्हतं. शब्दाला शब्द वाढला. "मी म्हटलं तिले, वावरात जाय, नाही तं जंगलात जाय, माह्या डोळ्यापुढून जाय. च्या टाकला होता थो तसाच ठेवून गेली. रोज तुळसाबाई येईपर्यंत थांबे. त्या दिवशी नाही थांबली." आणि मग, "गावात समदे म्हनत का भोंगा वाजला. मले वाटे, आयकूनच गेली. माह्या बोलन्यानं गेली आत."

निकिता दारात येऊन उभी होती. किती वेळची, ठाऊक नाही.

"तिनं आयकलाच नाही नं?" त्यांनी विचारलं.

"वाजलाच नाही, काका."

ते रडले. निकिता बापाजवळ आली नाही आणि आतही गेली नाही. निघताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, पोरी, बरं केलं, सांगितलं.

मी शिव्या खायच्या तयारीनं गेले होते. शिव्या सोप्या गेल्या असत्या.

कोपऱ्यावर संघदीप भिंतीला टेकून बसला होता. काय म्हणाले ते सांगितलं. त्याला त्यातून काही बरं वाटेल असं मला वाटलं होतं. त्यानं तोंड झाकून घेतलं.

३० नोव्हेंबर

वामनराव पुन्हा आले. दारातच उभे राहिले. आज संघदीपही खोलीत होता.

"त्या दिवशी मी माहंच आयकलं," ते म्हणाले. "तुमी दुसरं सांगून राह्यले होते. घरी गेल्यावर ध्यानात आलं."

आम्ही दोघं उभे राहिलो.

"वाजला असता तं ती परत फिरली असती. लय भेत जाय थे वाघाले. किती बी रागात असती तरी."

मी हो म्हटलं.

"मंग काढून घ्या थे समदे डब्बे," ते म्हणाले. आवाज चढला नाही. संघदीपकडं त्यांनी पाहिलं, इतक्या सकाळी मचाणावरचा त्याचा पिंप ऐकलेल्या माणसानं पाहावं तसं, आणि काही बोलावं असं त्यांच्या मनात आलेलं दिसलं. पण ते वळले आणि गेले.

१ डिसेंबर

ग्रामपंचायतीत बैठक झाली. मी उभी राहून सगळं सांगितलं. चूक कशी झाली, कुणाची. काही लोक चिडले, ते बरोबरच होतं. फुलसिंग म्हणाले की राखणीचं कुत्रं एखाद्या दिवशी झोपते, म्हणून कुत्रंच काढून टाकावं का. शेवटी ठरलं की सध्या उतरवा, पुढचं पुढं पाहू. वामनराव मागं बसून होते.

संघदीप बैठकीला आला नाही.

३ डिसेंबर

संघदीप उमरखेडला गेला, त्याच्या भावाकडं. थोडे दिवस, म्हणाला. पुस्तकं बांधून घेऊन गेला. थोड्या दिवसांसाठी पुस्तकं कोण नेतं. बसमध्ये चढताना त्याला मी म्हटलं, आपण दोघांनी मिळून हे केलं, दोघांनी मिळून निस्तरू. तो म्हणाला, "तू चांगली इंजिनीयर हायेस रुपाली. तू थांबू नको." एवढंच.

त्याचा स्वेटर खुर्चीवर राहिला. धुऊन ठेवला. आई म्हणते नेऊन दे. एका स्वेटरसाठी उमरखेडपर्यंत कोण जातं?

५ डिसेंबर

प्रोग्राम बदलला. आता कोसळला तर डब्बा आधी उठेल. रजिस्टरं जमलं तर ठेवेल, नाही जमलं तर जाऊ देईल. का कोसळला ते कदाचित कधीच कळणार नाही. चालेल.

संघदीपला फोन केला. त्याच्या वहिनीनं उचलला. दुकानात गेलेत म्हणाली. संध्याकाळी पुन्हा केला, तेव्हाही दुकानात होता.

स्वेटर पुन्हा धुतला. कपाटात धूळ बसली होती.

८ डिसेंबर, खैरझरी

आज सगळे डब्बे उतरवले. शिडी फुलसिंगांनी दिली. धरायला कुणी नव्हतं, तर निकिता स्वतःहून आली. आईची ओढणी डोक्याला बांधून वेचायला आली होती, वेचलेला कापूस ओटीत होता. बाप पलीकडच्या ओळीला वेचत होता. दोघांत बोलणं नसलं तरी एकाच वावरात होते.

खांबामागून खांब शिडी धरत ती शेवटच्या खांबापर्यंत आली. मी वर चढले तेव्हा तिनं खालून विचारलं, तुम्ही पुन्हा लावाल का. माहीत नाही, मी म्हटलं. गावानं नको म्हटलं आहे.

"लावा," ती म्हणाली. "आईचा लय भरोसा होता त्यावर. रोज धुऱ्यावर येऊन आधी त्याच्याकडं पाह्ये. हिरवा दिवा चालू दिसला का मंगच आत पाय टाके. मलेबी सांगून ठेवलं होतं, दिवा पाह्यल्याशिवाय शिरू नको म्हने."

मी स्क्रू काढत होते. डब्ब्यावरच्या दिव्याकडं पाहिलं.

हिरवा दिवा डब्बा चालू करताना एकदा लागतो आणि जळत राहतो. काही बिघडलं तर तो विझवायचं काम प्रोग्रामचं. प्रोग्रामच अडकून बसला की दिवा विझव म्हणून सांगणारं आत कुणी नसतं, आणि तो तसाच जळत राहतो. त्या दिवशी टेबलावरही तो जळत असणार. मी त्याच्याकडं पाहिलंच नव्हतं.

"त्या दिवशी रागात होती," निकिता म्हणाली, "पण दिवा तं पाह्यलाच असन नं तिनं?"

मी म्हटलं, पाहिला असेल.

ती शिडी घट्ट धरून उभी राहिली. मी डब्बा काढला, वायर तोडली आणि तिच्या हातात दिला. तिनं तो ओटीतल्या कापसावर ठेवला, खाली पडू नये म्हणून.